प्रेरणा फुकट मिळते हो, गिऱ्हाईक कुठंय?

मागच्या जानेवारीत आमच्या तालुक्यातल्या एका शाळेनं माझा सत्कार ठेवला होता. गॅदरिंगचे दिवस. हेडसरांचा फोन आला, म्हणे तुमच्या करिअरचे महत्त्वाचे टप्पे तेवढे व्हॉट्सअपवर टाकून द्या, फ्लेक्सवर घ्यायचे आहेत. मी टाकले. कोणत्या पुस्तकांना चित्रं केली, कोणत्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ केलं, पुण्यात एका प्रदर्शनात दोन चित्रं लागली होती ते. गेलो तर गेटवर हा मोठा फ्लेक्स, त्यात माझा फोटो कुणाच्या तरी लग्नातला कापून लावलेला आणि बाजूला रंगाची प्लेट, चार ब्रश आणि तिरपी टोपी घातलेला एक दाढीवाला गोरा चित्रकार, इंटरनेटवरून उतरवलेला. म्हणजे सत्कार चित्र काढणाऱ्याचा आणि त्याच्याच फ्लेक्सवरचं चित्र फुकटात डाउनलोड केलेलं. मला हसूच आलं आधी. मग शाल, श्रीफळ, भाषणं, आणि शेवटी एका सरांनी तो ठरलेला प्रश्न विचारला, तुमचं प्रेरणास्थान काय? मी पण ठरलेलंच उत्तर दिलं, गावची माती, आई, कापसाचं वावर वगैरे. टाळ्या पडल्या. घरी येताना गाडीवर वाटत राहिलं की आपण खोटं नाही बोललो पण अर्धंच बोललो.

उरलेलं अर्धं हे की प्रेरणेची आमच्याकडे कमी कधीच नव्हती. कमी आहे ती गिऱ्हाइकाची. विदर्भातल्या खेड्यात चित्रकार निपजतात, चिक्कार निपजतात, फक्त त्यांचं चित्र विकत घेणारं गावात कुणी नसतं, मग ते एकतर शहरात जातात नाहीतर मोबाईलच्या दुकानात बसतात. आणि जो शहरात जाऊन नाव काढतो त्याला आपण परत बोलावून विचारतो की गावानं तुला काय दिलं. गावानं त्याला काम दिलं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझे टप्पेच घ्या ना. फ्लेक्सवर जे होते ते सगळे गावाबाहेरचे. खरे टप्पे मला कुणी विचारले असते तर पहिला सांगितला असता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा. नववीत होतो. आमच्या गावच्या पेंटरकाकासोबत सुट्टीच्या दिवशी जायचो, डबा धर, ब्रश धू, दोरीला निळ लावून रेघ मार, असली कामं. एक दिवस त्यांना ताप होता आणि ट्रॉलीवाल्याला दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं होतं. मला म्हणाले, "जाय, तूच लिहून दे. अक्षराचं पोट आधी पाय, मंग शेपूट." मी 'आई-बाबांचा आशीर्वाद' लिहिलं, बाजूला दोन मोर काढले, त्यातला एक कोंबडीसारखा झाला होता. ट्रॉलीवाल्यानं पन्नास रुपये दिले. तो कोंबडीमोर पुढं कितीतरी वर्षं गावात फिरत होता, आणि तो समोरून आला की मी मान खाली घालायचो.

दुसरा टप्पा भिंतीचा. २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, तेव्हा गावागावांत भिंती रंगवायची शर्यतच लागली होती. आधी चुन्याचा हात, मग त्यावर म्हणी, चित्रं. पेंटरकाकांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, आजूबाजूच्या सहा-सात गावांतून बोलावणं यायचं, आणि मी शाळा बुडवून त्यांच्यामागं. गाडगेबाबा मी तिथं काढायला शिकलो. खराटा, डोक्यावर गाडगं, चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हे सगळं आलं पाहिजे नाहीतर म्हातारी माणसं थांबून सांगायची, "अबे कवडी कुठं हाय?" बाबा शेंडगावचे, अमरावती जिल्ह्यातले, म्हणजे लोकांना तो चेहरा घरातला. तेवढं कडक परीक्षण मला नंतर कोणत्याच आर्ट कॉलेजात भेटलं नाही. पण मुद्दा काय, की त्या दोन-तीन वर्षांत ग्रामपंचायत गिऱ्हाईक होती. चित्राला पैसे मिळत होते. कमी मिळायचे, उशिरा मिळायचे, पण मिळायचे. एवढ्यावर आमच्या भागात चार-पाच पोट्टे हात साफ करून घेऊ शकले. मी आज जो काही आहे तो त्या चुन्याच्या भिंतीमुळे आहे.

आता प्रेरणेबद्दल. आमच्याकडच्या जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेत जा आणि पोरांना सांगा निसर्गचित्र काढा. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली वाकडी नदी, एक कौलारू घर आणि शेजारी नारळाचं झाड. घाटंजी तालुक्यातल्या पोरानं नारळाचं झाड पाहिलंय कुठं? त्याच्या घराच्या मागं पळस आहे, मार्चात पेटल्यासारखा दिसतो, बांधावर बाभूळ आहे, मोहाची फुलं वेचायला तो स्वतः आजीसोबत पहाटे जातो, पण कागद समोर आला की नारळ. कारण चित्र म्हटलं की नारळ असतो हे त्याला कुणीतरी शिकवलंय आणि चित्र म्हटलं की पळस पण असू शकतो हे कुणी शिकवलं नाही. पोराकडे प्रेरणा नाही असं नाही. त्याच्या बघण्याला कुणी किंमत दिली नाही, म्हणून तो दुसऱ्याचं बघणं काढतो.

आणि बघायला काय कमी आहे का इकडं? पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात, बेगड लावतात, झूल घालतात, काही शेतकरी तर बैलाच्या अंगावरच कापसाच्या भावाची मागणी लिहून आणतात, वर झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमण्यांची गाणी, म्हणताना सरकारची, सावकाराची, आमदाराची सालटी काढतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लहान पोट्टे लाकडाचे बैल सजवून घरोघर. त्याच दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे मोठाले पुतळे मिरवत निघतात, काळी आणि पिवळी, आणि सोबत बडगे. बडगे म्हणजे काय तर चालतंफिरतं व्यंगचित्र, त्या वर्षी लोकांचा राग ज्याच्यावर असेल, महागाई असो, भ्रष्टाचार असो, त्याचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची आणि मिरवत नेऊन जाळायचा. हे मी दहा वर्षांचा असताना मामाच्या खांद्यावर बसून पाहिलं आणि मला वाटतं चित्रात टोचणी कशी ठेवायची हे तिथंच कळलं. तिकडं वडशाला झाडीपट्टीची नाटकं, दिवाळीनंतर सुरू झाली की रात्र रात्र चालतात. वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननं मातीतच उठवलेली ताडाची झाडं आहेत, रंग नाही, फक्त उठाव, उजेड जसा सरकतो तशी झाडं बदलतात. मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा तासभर भिंतीसमोर बसलो होतो, सोबतचे लोक चहा पिऊन परत आले तरी मी तिथंच.

सेवाग्रामवरून आठवलं. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आत्ताच्या सेवाग्रामला, राहायला आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं, खानदेशात फैजपूरला, आणि सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनातून चित्रकार नंदलाल बोसांना बोलावलं. अट एकच, गावात जे मिळतं त्यातूनच करायचं. बांबू, चटया, माती. मग फेब्रुवारी १९३८ ला गुजरातेत हरिपुरा, तिथं नंदलालबाबूंनी आणि त्यांच्या शिष्यांनी मिळून चारशेच्या आसपास पोस्टर केली. ढोलकी वाजवणारा, चांभार, पैलवान, दळण दळणारी बाई, सगळी खेड्यातली माणसं, मातीच्या रंगात. आज ती राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलीत. आता आपण याला प्रेरणेची गोष्ट म्हणून सांगतो, की बघा थोर चित्रकाराला खेड्यातून प्रेरणा मिळाली. मी ती गिऱ्हाइकाची गोष्ट म्हणून वाचतो. कुणीतरी काम दिलं, जागा दिली, कुठलं सामान वापरायचं ते सांगितलं आणि चित्र लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर लावलं. गांधीजी चांगले गिऱ्हाईक होते असं म्हटलं तर कुणी रागावू नये.

गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांचं पण तेच. मध्य प्रदेशातलं पाटणगढ गाव, परधान गोंड समाज. १९८१ मध्ये चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या माणसांना त्यांची भिंतीवरची चित्रं दिसली आणि ते भोपाळला आले, १९८२ ला तिथं भारत भवन हे कलाकेंद्र उघडलं, १९८९ ला ते पॅरिसच्या प्रदर्शनात गेले, आणि भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतीवर त्यांनी चित्रं केली. त्यांच्यामुळे गोंड चित्रकलेची एक अख्खी शाळाच उभी राहिली. सरकारनं एका गोंड पोराला विधानभवनाची भिंत दिली, हे मला पॅरिसपेक्षा मोठं वाटतं. गोंडांची वस्ती आमच्याकडे नाही का? चंद्रपूर तर गोंड राजांची राजधानी, गडचिरोलीत त्यांची गावंच्या गावं. आपण त्यांना कोणती भिंत दिली? आणि टप्प्यांची यादी किती खोटी असते ते पण इथंच दिसतं, कारण पुढच्या टप्प्यात जपान येतं, तिथल्या एका म्युझियमसाठी काम करत असताना २००१ मध्ये जनगढ यांचा जीव गेला, स्वतःच घेतला म्हणतात. यादीत 'जपान' एवढंच दिसलं असतं, आणि आपण टाळ्या वाजवल्या असत्या.

तर गिऱ्हाईक. चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं आमच्या आजोबांच्या पेटीत पण होती, जिथं एसटी दिवसातून एकदा यायची तिथं. दलाल गोव्याचे, मुंबईत गेले, आणि १९४५ ला स्वतःचा 'दीपावली' अंकच काढला. लोक त्यांच्या रंगांबद्दल बोलतात, बरोबरच आहे, पण मला जास्त भारी वाटतं ते हे की चित्रकार स्वतः मालक झाला. दुसऱ्याच्या दारात उभं राहणं कमी केलं. सगळ्यांना ते जमत नाही. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीचे चित्रकार भाऊ समर्थ नागपुरातच राहिले, हिंदी-मराठी दोन्हीकडे त्यांची रेखाटनं गेली, आणि आज लाखनीच्या शाळेत किती पोरांना ते नाव माहीत असेल देव जाणे.

बाहेरचं गिऱ्हाईक काय करतं त्याचा एक अनुभव सांगतो, नाव घेत नाही. एका प्रकाशकाकडे लहान मुलांचं पुस्तक होतं, गोष्ट कापूस वेचणाऱ्या बाईची. मी आईला काढलं. आमच्याकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बाया लुगड्यावर नाहीतर साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात, हात ओरबाडू नये, ऊन लागू नये म्हणून. डोक्याला दुपट्टा, कमरेला ओटी, आणि ओटी भरली की बाई गरोदर असल्यासारखी चालते. तसंच काढलं. तिकडून मेल आला की छान आहे पण तेवढा शर्ट काढून टाका, बायकी वाटत नाही, आणि नाकात नथ दाखवा, पैठणीचा काठ चालेल. पैठणी! पऱ्हाटीत! मी तीन दिवस उत्तर दिलं नाही, चौथ्या दिवशी शर्ट काढून टाकला, कारण त्या महिन्यात सोयाबीनचे पैसे अडकले होते आणि घरात दुसरं काही येत नव्हतं. हा पण माझ्या करिअरचा टप्पाच आहे, फ्लेक्सवर टाकायला पाहिजे होता. पुस्तक चांगलं गेलं म्हणतात. आईला मी ते दाखवलं नाही.

म्हणून मला गावचं गिऱ्हाईक पाहिजे. गावचा माणूस शर्ट काढून टाकायला सांगणार नाही, तो उलट विचारेल बटन काऊन नाही काढलं.

आता कुणी म्हणेल की बाबा, इथं कर्जानं माणसं मरून राहिली आणि तुला चित्रं सुचतात. हा प्रश्न मला घरातूनच विचारला गेलाय, त्यामुळे तो मी हलक्यात घेत नाही. पण पैसा नाही हे खरं नाही. चौकात जाऊन बघा, भावी सरपंचाचा वाढदिवस, युवा नेत्याची निवड, कुणाच्या पोराला नीटला चांगले मार्क, दहावा, तेरवी, सगळ्याचे फ्लेक्स. आठ दिवसांत फाटतात, मग गोठ्यावर ताडपत्री म्हणून जातात. चित्राचा खर्च गाव रोज करतंय, फक्त तो चित्रकाराला पोचत नाही. फ्लेक्सवाल्यावर माझा राग नाही बरं का, आमच्या इकडचा फ्लेक्सवाला आधी पेंटरच होता, हात चांगला होता त्याचा, मशीनचे हप्ते भरता भरता ब्रश सुटला. आता त्याच्याकडे एआय पण आलंय. मी पण एकदा बसून टाकून पाहिलं, विदर्भातला शेतकरी, बैलजोडी. डोक्यावर पंजाबी पगडी आली, बैलाला ही लांब वळणाची शिंगं. आमच्या गवळाऊ बैलाची शिंगं आखूड असतात. दोन-तीनदा सांगून पाहिलं, पगडी गेली तर फेटा आला, पांढरी टोपी काही आली नाही. त्याचा तरी काय दोष, आमची चित्रंच कुणी काढून ठेवली नाहीत तर ते शिकणार कशावरून.

मुळातली अडचण शाळेत आहे असं मला वाटतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीत पटसंख्या १०० च्या वर असेल तर कलेसाठी अंशकालीन शिक्षक. १०० च्या वर! आमच्याकडे सहावी ते आठवी मिळून साठ पोरं झाली तरी हेडसर पेढे वाटतील. म्हणजे ज्या गावात पोरं कमी त्या गावातल्या पोरांना कला नको, असाच त्याचा अर्थ झाला. मग चित्रकलेचा तास गणिताला जातो, नाहीतर गुरुजी फळ्यावर नारळाचं झाड काढून देतात आणि ऑनलाइन माहिती भरायला बसतात. नारळाचा उगम हा आहे. आणि जिथं चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला पोरं बसवतात तिथं कारण काय, तर ए ग्रेडला दहावीत ७ मार्क वाढून मिळतात, बीला ५, सीला ३. माझ्याकडे पालक येतात ते हाच हिशोब घेऊन येतात. मी शिकवतो, खोटं कशाला बोलू, फी घेतो आणि शिकवतो. पण परीक्षा संपली की ते पोरगं रंगाची पेटी धाकट्या भावाला देऊन टाकतं, तेव्हा बरं नाही वाटत.

माझं मागणं काही फार नाही. १०० ची अट काढा, चार लहान शाळा मिळून एक कलाशिक्षक द्या, तो सोमवारी इथं मंगळवारी तिथं जाईल, आठवडी बाजार असाच चालतो ना. ग्रामपंचायतीनं वर्षाला एक भिंत, फक्त एक, गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या चित्रकाराला पैसे देऊन रंगवायला द्यावी, आणि खाली त्याला सही करू द्यावी. सहीचं महत्त्व लोकांना कळत नाही. पेंटरकाकांनी आयुष्यभर बाबासाहेब काढले, तुकडोजी महाराज काढले, आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी चौकांतला निळा कोट त्यांच्या हातचा आहे, पण कुठंच नाव नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बाबासायबाखाली आपलं नाव टाकाचं का बे?" त्यांच्या मनातला तो आदर मी समजू शकतो. पण बिडीच्या जाहिरातीखाली पण नव्हतं नाव, तिथं कसला आदर. कॉपीराइट कायदा १९५७ पासून आहे, त्याचं ५७ वं कलम सांगतं की हक्क विकले तरी हे काम माझं आहे असं म्हणायचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. कायद्यात आहे, भिंतीवर नाही.

शहरात जाऊ नये असं मी म्हणत नाही. मी गेलो, नागपूरला शिकलो, पुण्यात तीन वर्षं काढली, तिथं डेडलाईन कळली, काम झाल्यावर बिल पाठवायचं असतं हे कळलं, नाही म्हणायला मात्र अजून नीट शिकलो नाही. लॉकडाऊनमध्ये परत आलो आणि राहिलो. राहिलो यात काही त्याग वगैरे नाही, भाडं वाचतं आणि नेट बऱ्यापैकी चालतं.

यंदा त्याच हेडसरांचा परत फोन आला. गॅदरिंग आहे, स्टेजच्या मागचा पडदा पाहिजे, तुम्ही गावचेच, तर जरा करून द्या. मी विचारलं, किती देता? पलीकडं बराच वेळ शांत. मग मीच आकडा सांगितला, कापड तुमचं, रंग माझे, आणि खाली कोपऱ्यात माझं नाव आणि जी पोरं रंग भरतील त्यांची नावं. ते हो म्हणाले नाहीत. पण नाही पण म्हणाले नाहीत, समितीला विचारतो म्हणाले, आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "पळस काढसान का पण त्याच्यात? आमच्या शाळेमागं आहे एक."